भांडं कुठलं, हे नजरेनं ठरत नाही

जुन्या चिनी भांड्यांच्या संग्राहकांत आणि व्यापाऱ्यांत एक मत फार मानानं वावरतं. भांडं हातात घ्यावं, वजन जोखावं, तळाची झिलई नसलेली कड बोटानं चाचपावी, भिंगाखाली झिलईतले बुडबुडे पाहावेत. आयुष्यभर हेच करत आलेला पारखी मग सांगेल, ते कुठल्या काळातलं आणि कुठल्या भट्टीतलं. प्रयोगशाळेचं इथे काही काम नाही. ती भांड्याला भोक पाडते, आकड्यांचे तक्ते हाती ठेवते, आणि एकीचा निष्कर्ष दुसरीशी जुळत नाही. असं म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. काहींच्या हाताखालून हजारो भांडी गेलेली असतात आणि त्यांच्या बोटांना जे कळतं ते मला कधीच कळणार नाही. तरीही प्रश्न भांड्याच्या मूळ गावाचा असेल तेव्हा हे मत चुकीचं आहे, आणि ते खरं मानून बाजार चालतो म्हणून खरा पुरावा नष्ट होत राहतो. त्यासाठी हा प्रतिवाद.

नजरेच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष आधी घेऊ. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म 1892 सालचा, मुंबईतला. बगदादी ज्यू घराण्यातले हे गृहस्थ पुढे चिनी भांड्यांचे जगातले एक अतिशय जाणते संग्राहक झाले. त्यांच्या संग्रहातली निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची एक जोडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या मानेवर लेख आहे: 1351 साली एका भाविकानं ती देवळाला अर्पण केली. आर. एल. हॉब्सन यांनी 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली, तोवर निळं-पांढरं पोर्सेलीन म्हणजे त्याहून पुढच्या मिंग काळातलं, अशीच बहुतेकांची समजूत होती. पुढे 1950च्या दशकात जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी या जोडीशी ताडून पाहिली. कमळाच्या पाकळ्या, लाटांचे पट्टे, वेलींची वळणं यांच्या साम्यावरून त्यांनी चौदाव्या शतकातल्या भांड्यांचा अख्खा गट वेगळा काढला. हे काम निव्वळ नजरेचं आहे आणि ते आजही टिकून आहे.

पण ही नजर कशावर उभी होती ते पाहा. 1929च्या आधीही तीच भांडी त्याच कपाटांत होती आणि त्यांच्याकडे पाहणारे डोळे तितकेच तयार होते. तरी त्यांना ती मिंगच दिसत होती. बदल झाला तो एका लेखामुळे. तारीख ज्याच्यावर स्पष्ट लिहिली आहे असं एक भांडं हाती आलं, तेव्हा त्याच्या आधारानं नजर पुढचं काम करू शकली. नजरेला खुंटा लागतो, आणि तो तिला स्वतःच्या बळावर रोवता येत नाही. शिवाय पोप यांनी सोडवला तो प्रश्न ‘कधी’चा होता. ‘कुठे’चा प्रश्न जास्त कठीण आहे. नक्षी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, कारागीर स्थलांतर करतात, खपणाऱ्या मालाची नक्कल शेजारची भट्टी पुढच्याच हंगामात करते. माती मात्र अवजड असते. बहुतेक सगळ्या मोठ्या भट्ट्या मातीच्या आणि सरपणाच्या जवळ उभ्या राहिल्या. म्हणून गावाची खूण नक्षीपेक्षा मातीत अधिक खात्रीनं सापडते.

रू भांड्यांचंच घ्या. उत्तर सोंग दरबारासाठी बनलेली ही फिकट निळसर झिलईची भांडी आज जगात शंभराहूनही कमी उरली आहेत. 2017 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात त्यांतलं कुंचले धुण्याचं एक छोटं तबक 29 कोटी 43 लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. शतकानुशतकं सम्राटांनी आणि पंडितांनी या भांड्यांचं कौतुक केलं. खुद्द डेव्हिड यांनी 1930च्या दशकात त्यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला. पण ती नेमकी कुठे भाजली गेली हे कोणीही सांगू शकत नव्हतं. उत्तर मिळालं 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, हेनान प्रांतातल्या बाओफेंगजवळ, चिंगलियांगसी गावच्या जमिनीत, मोडक्या तुकड्यांच्या रूपानं. दरबारासाठी जिथे भांडी भाजली जात तो भाग तर 2000 साली उघडा पडला. मूल्यवान भांडी सगळी नजरेसमोर होती आणि गाव माहीत नव्हतं. गाव सांगितलं ते भट्टीशेजारच्या उकिरड्यानं.

हा उकिरडा माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. भट्टी उघडल्यावर वाकडी झालेली, तडकलेली, एकमेकांना चिकटलेली भांडी तिथेच शेजारी फेकली जात. ती विकली गेली नाहीत, कुठे गेली नाहीत. त्यांचं गाव वादातीत आहे. एखाद्या तुकड्याचं रासायनिक मोजमाप झालं की त्या गावाची त्या काळातली माती कशी होती ते कळतं, आणि मग दूर कुठेतरी मिळालेलं भांडं त्याच्याशी ताडता येतं. भांडी थेट खाणीतल्या मातीशी ताडण्यात अर्थ नसतो, कारण कुंभार माती कुटतो, पाण्यात धुऊन जाड कण वेगळे काढतो, दोन जातींची माती मिसळतो. जियांगशी प्रांतातल्या जिंगदेझेनमध्ये राहिलेले जेझुइट पाद्री दाँत्रकोल यांनी 1712च्या पत्रात दगडाची भुकटी आणि केओलिन एकत्र करण्याची तिथली रीत तपशीलवार लिहून ठेवली आहे. खाणीतली माती आणि भाजलेलं भांडं यांच्यामध्ये कुंभाराचे हात असतात. उकिरड्यातल्या तुकड्यावरून ते हात आधीच फिरून गेलेले असतात, म्हणून तुलना त्याच्याशी.

आता माती काय सांगते ते. चीनच्या मध्यातून छिनलिंगची पर्वतरांग जाते आणि तिच्या दोन बाजूंना भूगर्भ वेगळा आहे. उत्तरेत कोळशाच्या थरांसोबत सापडणारी, केओलिननं भरलेली गाळाची माती आहे. दक्षिणेत ज्वालामुखीजन्य खडक रूपांतरित होऊन तयार झालेला दगड आहे. त्यात क्वार्ट्झ आणि अभ्रकाच्या जातीचं सेरिसाइट भरपूर. परिणामी दक्षिणेकडच्या भांड्यांच्या अंगात सिलिका साधारण 70 ते 78 टक्के आणि अॅल्युमिना 20 टक्क्यांच्या आत, तर उत्तरेकडच्या पांढऱ्या भांड्यांत अॅल्युमिना बहुधा 25 टक्क्यांच्या वर. लाकडावर चालणाऱ्या दक्षिणेतल्या लांबलचक ‘ड्रॅगन’ भट्ट्या आणि सोंग काळापासून कोळशावर चालणाऱ्या उत्तरेतल्या घुमटाकार भट्ट्या, हा फरकही याच जमिनीतून आला आहे. शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेत झोऊ रेन आणि ली जियाझी यांनी या मोजमापांचा पाया घातला. विश्लेषण हे पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी चिनी परंपरेवर लादलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी या दोघांचं काम जरूर वाचावं.

उत्तर आणि दक्षिण हा ढोबळ भेद पारख्यालाही बहुतेक वेळा कळतो, हे मान्य. खरी कसोटी शेजारच्या भट्ट्यांची. तिथे मुख्य घटकांचे आकडे जवळजवळ येतात आणि अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं बोलू लागतात: रुबिडियम, थोरियम, हाफ्नियम, लँथॅनम. न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीत भांड्याचा चिमूटभर चुरा अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात आणि नंतर त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून कोणतं मूलद्रव्य दशलक्षात किती भाग आहे ते मोजतात. झिलईचा रंग कारागीर ठरवतो. घाट तो ठरवतो, नक्षी तो ठरवतो. हाफ्नियम किती असावं हे त्यानं कधी ठरवलं नाही, कारण ते आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून फॅशन बदलली, मालक बदलला, नक्कल झाली, तरी ही खूण सहसा बदलत नाही. या शास्त्राची अट 1977 मध्ये वायगँड, हारबॉटल आणि सेअर यांनी नेमकी मांडली: दोन उगमस्थानांमधला फरक एकाच उगमस्थानातल्या चढउतारापेक्षा मोठा असला पाहिजे. ही अट जिथे पुरी होत नाही तिथे निष्कर्ष काढू नये, इतकं ते शास्त्र स्वतःबद्दल स्पष्ट बोलतं. नजरेनं स्वतःसाठी अशी अट कधी लिहून ठेवली नाही.

निळ्या रंगाचाही असाच अनुभव आहे. 1956 मध्ये यंग आणि गार्नर यांनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरचा कोबाल्ट तपासला. चौदाव्या शतकातल्या निळ्यात मँगनीज कमी आणि लोह जास्त निघालं. पुढच्या काळातल्या निळ्यात मँगनीज भरपूर, कारण चीनमधलं कोबाल्टचं खनिज मँगनीजयुक्त आहे. म्हणजे सुरुवातीचा निळा रंग बाहेरून येत होता. मुस्लीम देशांकडून येणाऱ्या निळ्या रंगाचे उल्लेख चिनी ग्रंथांत होतेच. त्यांना आकड्यांचा आधार मिळाला. एकाच भांड्याच्या अंगाची माती जियांगशीची आणि रेघांचा रंग पश्चिम आशियातला, ही गोष्ट कितीही सराईत डोळ्याला रेघांकडे पाहून सिद्ध करता आली नसती.

आणि तांग काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची हकीकत तर पारखीपंथाच्या समर्थकांनी शांतपणे वाचावी अशी आहे. 1975 मध्ये यांगझोऊच्या उत्खननात निळी नक्षी असलेला एक तुकडा मिळाला. तांग काळात, म्हणजे युआनच्या शेकडो वर्षं आधी, असं काही असेल यावर विश्वास बसणं अवघड होतं. तुकडा लहान, सोबत तुलनेला सबंध भांडं नाही. शैलीवरून बोलायला जागाच नव्हती. तिथे मिळालेल्या तुकड्यांची माती रासायनिकदृष्ट्या हेनानमधल्या गोंगशियानच्या भट्ट्यांशी जुळली. म्हणजे अंदाज असा बांधला गेला की उत्तरेतल्या एका भट्टीकेंद्रात नवव्या शतकाच्या आसपास कोबाल्टनं नक्षी काढत होते. मग 1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळावर एका अरबी धाटणीच्या, दोरानं शिवलेल्या गलबताचे अवशेष मिळाले. आत सुमारे 60,000 चिनी भांडी होती, बहुसंख्य चांगशा भट्ट्यांचे वाडगे, आणि त्यांतल्या एकावर 826 सालाशी जुळणारी तारीख. त्याच मालात निळ्या नक्षीची तीन सबंध तबकं निघाली. पुढे 2000 नंतर गोंगशियानच्या (आजच्या गोंग्यीच्या) भट्ट्यांत झालेल्या उत्खननांत त्याच जातीचे तुकडे प्रत्यक्ष हाती आले. आधी खापराची माती बोलली, नंतर समुद्रानं दुजोरा दिला, शेवटी भट्टीनं. आधी केलेलं विधान नंतरच्या पुराव्यानं खरं ठरणं यापेक्षा कुठल्याही ज्ञानपद्धतीकडून आपण अधिक काय मागणार?

आता ‘प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत’ हा आक्षेप. तो खोटा नाही. त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आद्य पोर्सेलीन: शांग काळातली, उच्च तापमानाला भाजलेली, झिलई असलेली भांडी. ती झेंगझोऊ, आन्यांग अशा उत्तरेतल्या राजधान्यांत सापडतात. न्यूट्रॉन सक्रियणाच्या आधारे काही संशोधकांनी म्हटलं की ती दक्षिणेत, बहुधा जियांगशीतल्या वूचेंगच्या परिसरात बनली आणि उत्तरेला नेली गेली. इतरांनी एकाहून अधिक उगमस्थानं सांगितली, कोणी उत्तरेतही उत्पादन होत असल्याचं सुचवलं. आक्षेप घेणारे इथे थांबतात. मी त्यांना एक पाऊल पुढे यायला सांगतो. वाद झाला तो मोजमापावरून नाही. थोरियम किती हे दोघांनाही सारखंच कळत होतं. प्रश्न हा होता की ताडून पाहायला कोणकोणत्या भट्ट्यांचे तुकडे हाताशी आहेत. वूचेंगचा साठा उपलब्ध होता म्हणून उत्तर वूचेंगकडे झुकलं. 2007 नंतर झेजियांगमध्ये देचिंग आणि हूझोऊच्या परिसरात आद्य पोर्सेलीनच्या भट्ट्यांची मोठी उत्खननं झाली, त्यांतल्या काही थेट शांग काळापर्यंत मागे जातात. तुलनेचा साठा बदलला तसा प्रश्नही बदलला. ज्या भट्टीचं खापर तुमच्याकडे नाही तिचं नाव यंत्र कधीच सांगणार नाही. फार तर ‘यांपैकी कोणतीही नाही’ एवढं सांगेल. याला मी दोष मानत नाही. मतभेद कशामुळे झाला, कोणता तुकडा मिळाला म्हणजे तो मिटेल, हे इथे आधीच सांगता येतं. दोन पारख्यांच्या मतभेदात तशी सोय नाही. तिथे वय, नावलौकिक आणि आवाजाची पट्टी यांवर निकाल लागतो.

आणि पारख्यांची एकमतंही चुकतात. 1940च्या दशकात बीजिंगच्या बाजारात हेनानमधल्या हुईशियानची म्हणून मातीची भांडी आणि पुतळे आले, युद्धखोर राज्यांच्या काळातले म्हणून. नामवंत संग्रहालयांनी ते घेतले. 1972 मध्ये ऑक्सफर्डच्या तापदीप्ती चाचण्यांनी (शेवटची भाजणी कधीची ते या चाचण्या सांगतात) त्या शैलीच्या तपासलेल्या वस्तू आधुनिक ठरवल्या. तीस वर्षं एक गाव आणि एक काळ पुस्तकांत चालत राहिला होता.

भोक पाडण्याच्या तक्रारीवर फार वेळ घालवत नाही. आजच्या लेसर पद्धतीत पडणारा खड्डा साधारण केसाच्या जाडीइतका असतो, आणि क्ष-किरणांच्या पद्धतीत तोही पडत नाही. ज्यांच्यावर खरं काम चालतं ते उकिरड्यातले तुकडे कोणाच्या दिवाणखान्यात जाणार नसतात. उलट विक्रीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून तांग काळातल्या मातीच्या घोड्यांच्या पायांत आणि पोटांत छिद्रं पाडून चुरा काढायला बाजारानं कधीच हरकत घेतली नाही.

या प्रमाणपत्रांविषयी मात्र माझं आणि टीकाकारांचं एकमत आहे, आणि मी त्यांच्याहून कडक बोलेन. तापदीप्ती चाचणी वस्तू शेवटची कधी भाजली हे सांगते, कुठे ते सांगत नाही. बनावट वस्तूच्या तळाशी जुन्या भांड्याचा तुकडा बसवून तिथूनच चुरा काढू देण्याची युक्ती सर्वज्ञात आहे. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र भांड्याच्या गुळगुळीत बाजूला टेकवलं तर ते झिलई मोजतं. अंगाची माती मोजायची तर झिलई नसलेली तळकड शोधावी लागते. हे न सांगता आकड्यांचा कागद भांड्यासोबत विकणं ही फसवणूक आहे. पण ती करणारा प्रयोगशाळेतला पुरातत्त्वशास्त्रज्ञ नसतो. त्याला भट्टीच्या थरांशिवाय तोंड उघडता येत नाही. कागद विकणाऱ्याला थर नकोच असतात, कारण ज्या थरातून वस्तू उचलली त्याची चौकशी त्याला परवडत नाही.

या वादात मला सर्वांत जास्त काळजी इथे वाटते. मूळ गाव नजरेनं ठरतं असं मानलं की वस्तू कुठून, कशी, कोणत्या तुकड्यांच्या शेजारून आली याला किंमत उरत नाही. सबंध भांडं उचलावं, खापरं फेकून द्यावीत, इतकी सरळ वाट लुटारूला मिळते. बेलितुंगच्या मालाचंच पाहा. तो व्यापारी कंपनीनं बाहेर काढला, 2005 मध्ये सिंगापूरनं जवळजवळ 3 कोटी 20 लाख अमेरिकी डॉलरना घेतला, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधलं त्याचं नियोजित प्रदर्शन 2011 मध्ये याच कारणावरून रद्द झालं. भांडी वाचली हे खरं, पण शास्त्रशुद्ध उत्खननात जहाजातल्या मांडणीवरून आणखी जे कळलं असतं ते पुष्कळसं हरवलं. याउलट शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये जावा समुद्रातल्या बुडीत जहाजाची साडेसात हजारांच्या घरातली भांडी आहेत. त्यांतली निळसर पांढरी चिंगबाय भांडी भल्याभल्यांनी डोळे मिटून जिंगदेझेनची म्हटली असती. हातातल्या क्ष-किरण यंत्रानं, भट्ट्यांवरच्या तुकड्यांशी ताडून केलेल्या 2019च्या अभ्यासात जिंगदेझेनखेरीज फुजियानमधल्या भट्ट्यांशी जुळणारी भांडीही त्यात दिसली. एका जहाजाचा माल अनेक गावांतून गोळा झाला होता, आणि फुजियानच्या ज्या कुंभारांचं नाव कुठल्याच संग्राहकाच्या यादीत नाही त्यांचा वाटा मोजता आला.

आपल्या किनाऱ्यावरही हीच गरज आहे. चौलला आणि जुन्या गोव्याच्या अवशेषांत चिनी भांड्यांची खापरं मिळतात. निळ्या रेघांची, हिरव्या झिलईची, बहुतेक बोटभर लांबीची. त्यांवर राजमुद्रा नाहीत, त्यांना बाजारात भाव नाही, आणि पारख्याला त्यांत रस असायचं कारण नाही. पण तुकडा जिंगदेझेनचा की फुजियानमधल्या झांगझोऊचा, यावरून तो कोणत्या बंदरातून सुटला आणि कोणत्या व्यापाऱ्यांच्या जाळ्यातून कोकणात आला याचा माग लागतो. चौलच्या बाजारात सामान्य घरातलं ताट कुठून येत होतं हे दरबारी कागदपत्रं सांगणार नाहीत. ते खापर सांगेल, जर ते कुठल्या खड्ड्यातून, किती खोलीवरून उचललं याची नोंद राहिली आणि मोजमाप करायला कोणी दिलं तर.

राहिला गे भांड्यांचा प्रश्न, ज्याचा दाखला देऊन पारखी नेहमी चर्चा संपवतात. काळ्या आणि सोनेरी तडांचं जाळं असलेली ही भांडी सोंग दरबारची की युआन काळातली, यावर अजून एकमत नाही. मला ते मान्य आहे. पण हांगझोऊच्या फिनिक्स टेकडीवर 1996 मध्ये लाओहूदोंगची भट्टी सापडल्यापासून या प्रश्नाला प्रथमच जमिनीवरचा आधार मिळाला आहे: खाली सोंग काळाचे थर, वर युआनचे, आणि वरच्या थरांत गे धाटणीचे तुकडे. राजवाड्यांच्या संग्रहांतली गे भांडी आज बीजिंग, तैपेई आणि लंडनला आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या तळकडेवर झिलई नाही, तिथे क्ष-किरण लावता येतात, भांड्याला ओरखडाही उठत नाही. या संग्रहालयांनी आपली सगळी गे भांडी एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीनं मोजू द्यावीत, लाओहूदोंगच्या दोन्ही थरांतले तुकडे त्याच यंत्रावर मोजावेत, आणि सगळे आकडे जसेच्या तसे छापावेत. जी भांडी दोन्ही थरांशी जुळणार नाहीत त्यांची यादीही सोबत छापावी, म्हणजे तिसरी भट्टी कुठे शोधायची ते कळेल.